बेघराला चोर म्हणणारी भाषा आपली नाही

सातारा-सांगलीतल्या आपल्याच कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. मुले पळवणारी टोळी भागात आली आहे, भिकाऱ्याच्या वेशात फिरते, कोणी अनोळखी दिसला की धरून ठेवा. डीपीला बाबासाहेबांचा फोटो, स्टेटसला निळा झेंडा, आणि बोटाखाली हा फॉरवर्ड. गाव कोणते, मूल कोणाचे, पोलीस ठाणे कोणते, यातले काहीच त्या मजकुरात नसते. तरीही तो पुढे ढकलला जातो, कारण ज्याच्याविषयी तो लिहिलेला असतो तो माणूस ग्रुपमध्ये नसतो. त्याच्याकडे बहुधा मोबाइल नसतो. असलाच तर चार्जिंगसाठी भिंत नसते.

अशा मजकुराचे पुढे काय होते ते आपल्याला दोन वेळा दिसले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली माणसे होती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मंगळवेढा म्हणजे आपल्या जत तालुक्याला लागून असलेला मुलूख. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. म्हणजे ज्या इमारतीवर लोकशाहीची पाटी असते तिच्या आत. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, जत तालुक्यातल्या लवंगा गावात मथुरेकडच्या चार साधूंना मुले पळवणारे समजून काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारहाण झाली. ते पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी रस्ता विचारला होता. ते वाचले, एवढाच फरक.

या दोन्ही घटनांवर निषेधाच्या पोस्टी आपल्या लोकांनीही टाकल्या. पण निषेध झाला तो मारहाणीचा. ज्या समजुतीच्या जोरावर मारहाण झाली तिला फारसे कोणी हात लावला नाही. ज्याला गाव नाही, घर नाही, जो आज इथे आणि उद्या तिथे, त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणारच, ही ती समजूत. ती राईनपाड्याच्या जमावाच्या डोक्यात होती आणि ती आपल्या पोरांच्या डोक्यातही आहे. आम्हाला आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

ही समजूत आभाळातून पडलेली नाही. ती कायद्याने तयार केलेली आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने गुन्हा केला की नाही हे न पाहता तो कोणत्या जातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, रामोशी, मांग अशा जातींच्या माणसांना चौकीवर हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहतच होती, सेटलमेंट. हजेरीचा हा फास काय होता ते वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘फकिरा’त लिहून ठेवले आहे, आणि ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली आहे. हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असते. १ ऑगस्टला भाषणात सांगितलेही जाते. भाषण संपल्यावर त्याच चौकात पाल टाकून बसलेल्या पारध्याच्या बाईकडे बघून पाकीट सांभाळा म्हणणारा आवाजही आपल्याच गर्दीतून येतो.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून तर त्या जमाती विमुक्त. पण सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. तो एकदा काढून वाचा. कामाला येईल. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत केवळ हात पसरणे येत नाही. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, काही वस्तू विकायला पुढे करणे, या नावाखाली मागणे हीही भीकच. म्हणजे नंदीवाला, गोपाळ, डोंबारी, कुडमुडे जोशी, पोतराज यांचा सगळा पिढीजात धंदा एका वाक्यात गुन्हा झाला. आणि एवढ्यावर न थांबता, उपजीविकेचे काही दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा किंवा थांबलेला माणूस, जो भिकेवर जगत असावा असे त्याच्या अवस्थेवरून वाटते, तोही भिकारी. वाटते! कोणाला वाटते? पोलिसाला वाटते. वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा पकडला तर एक ते तीन वर्षे डांबता येते, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

मनुस्मृती जाळणाऱ्या चळवळीने हा कायदा मात्र फारसा चर्चेला घेतलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर यांच्या याचिकेवर या कायद्यातली शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. माणूस भीक मागतो कारण राज्याने त्याला जगायचे साधन दिलेले नाही, आणि त्याबद्दल शिक्षा त्यालाच कशी देता, असा त्या निकालाचा गाभा आहे. पण तो निकाल दिल्लीपुरता. कायदा मूळचा आपला आणि निकाल दिल्लीचा, अशी गंमत आहे.

आता आळशीपणाचा आरोप. हा आरोप सातारा-सांगलीत ऐकला की आम्हाला हसावे की चिडावे ते कळत नाही. कारण दिवाळीच्या मागेपुढे या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे घर सोडून येतात आणि कारखान्यांच्या आसपास, माळावर, बांधावर कोप्या टाकतात. बीडची असतात, नगरची असतात, आपल्याच जतची असतात. उसाचे पाचट, बांबू, वर प्लास्टिकचा कागद. ना संडास, ना मोरी, ना दार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाळंतीण बाई आठवड्यात पुन्हा फडात. चार-सहा महिने हा हिवाळा उघड्यावर काढून ते जातात आणि साखरेचे आकडे छापून येतात. या माणसांना कोणी आळशी म्हणत नाही, कारण ते साखर कारखानदारीचे पोट भरतात. पण त्यातलाच एखादा उचल न फिटल्याने परत गेला नाही, कराडच्या कोल्हापूर नाक्यावर किंवा मिरज जंक्शनच्या बाहेर थांबला, आजारी पडला, कोयता धरायचा हात गेला, की तो त्याच दिवसापासून आळशी होतो. माणूस तोच. फक्त आता त्याच्या श्रमावर कोणाचा नफा निघत नाही.

सकाळी सहाला बाहेर पडून बघा. सातारच्या पोवई नाक्यावर, सांगलीच्या एसटी स्टँडच्या मागे, गणपती पेठेत, शहर झोपलेले असताना पोते घेऊन पुठ्ठा-प्लास्टिक वेचणारे कोण असतात? लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला रात्री दोनपर्यंत भांडी घासणारे कोण? केबलसाठी रस्त्याकडेची चर खणणारे, वीटभट्टीवरचे, हमालीला रोजावर उभे राहणारे? यातले कितीतरी जण रात्री दुकानाच्या पायरीवर झोपतात. ज्याला रोज मिळते त्यालाही खोली मिळत नाही. अनामत कोठून आणायची, आणि जात विचारल्याशिवाय खोली देणारा मालक कोठे शोधायचा?

दारूचा मुद्दा येतोच. हो, काही पितात. बंगल्यातही पितात, तिथे दार लावून घेता येते. आणि ज्या कारखान्यांना आपण सहकाराची मंदिरे म्हणतो त्यातल्या अनेकांच्या शेजारी मळीपासून दारू गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत, त्यांच्या वार्षिक अहवालात ती प्रगती म्हणून मोजली जाते. चोरीचेही तसेच. फूटपाथवरचा एखादा चप्पल चोरत असेल. ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या ठेवी बुडवून पतसंस्थेला टाळे लावणारे कोठे झोपतात हे या भागातल्या ठेवीदारांना विचारा. घर असणे हा चारित्र्याचा दाखला असता तर वसुलीच्या नोटिसा इतक्या छान छान पत्त्यांवर गेल्या नसत्या.

हे लोक बाहेरचे आहेत, आपले नाहीत, असेही म्हटले जाते. बाहेरचे म्हणजे कोठले? माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळाचे तालुके. या तालुक्यांनी पिढ्यान्पिढ्या माणसे बाहेर पाठवली. खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्याला देशभर गेली. साताऱ्याची माणसे मुंबईच्या गोदीत आणि गोदामांत पाठीवर ओझी वाहायला गेली, एका गाळ्यात पाळीपाळीने झोपली, जागा नसेल तेव्हा हातगाडीवर झोपली. त्यांच्यातूनच माथाडी चळवळ उभी राहिली आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. मुंबईकर त्यांनाही बाहेरचेच म्हणत असणार. अण्णाभाऊ वाटेगावहून बापाचे बोट धरून चालत मुंबईला गेले आणि घाटकोपरच्या झोपडपट्टीत राहून लिहिले. त्या वाटेवरच्या कुठल्या तरी गावात रात्री पारावर झोपलेल्या त्या कुटुंबाला तिथल्या लोकांनी काय म्हटले असेल?

आणि आता ज्यांचा फोटो आपल्या डीपीला आहे त्यांच्याविषयी.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. मुलांना घ्यायला कोणी आले नव्हते. अंगात नवे कपडे होते, खिशात पैसे होते. स्टेशन मास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. रात्री टोलनाक्यावर थांबले. शिदोरी होती पण घोटभर पाणी कोणी दिले नाही. ती मुले उपाशी, तहानलेली, गाडीत झोपली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मसूर कराड तालुक्यात आहे, आपल्यातल्या अनेकांच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर. त्या रात्री त्या मुलांना आसरा मिळाला नाही तो पैसे नव्हते म्हणून? ती आळशी होती म्हणून? की व्यसनी होती?

पुढे १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले, बडोदा संस्थानात मोठ्या नोकरीवर रुजू झालेले बाबासाहेब. राहायला खोली कोणी देईना. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे जाऊन पाहिले, दोघांनीही टाळले. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून आपण नतमस्तक होऊन पाहतो. पण त्या दिवशी त्या बागेतून जाणाऱ्या माणसाला काय दिसले असेल? सामानासकट झाडाखाली बसलेला, डोळ्यांत पाणी असलेला एक तरुण. त्या दिवशी बाबासाहेब बेघर होते. हा शब्द वापरायला आपली जीभ अडखळते, कारण बेघर म्हणजे काहीतरी हलका माणूस हे आपल्याही मनात पक्के बसले आहे.

साताऱ्याच्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावची सावित्रीबाई. १८४९ साली मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवल्याबद्दल तिला आणि जोतीरावांना सासऱ्याने घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली म्हणून पुढचा इतिहास झाला. घरातून काढलेली बाई आज साताऱ्याच्या स्टँडवर बसली असती तर तिच्या चारित्र्याविषयी काय काय बोलले गेले असते, ते सांगायची गरज नाही. रस्त्यावर आलेल्या कितीतरी बायका अशाच काढून दिलेल्या असतात. घर नवऱ्याच्या नावावर, नाहीतर सासऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या.

गाडगेबाबांचेही तेच. अंगात चिंध्या, हातात खापर आणि खराटा. त्यांच्या शिकवणीच्या दहा सूत्रांतले एक सूत्र बेघरांना आसरा देण्याचे आहे आणि त्यांच्या नावाचे मोठे महाविद्यालय कराडला आहे. तो वेश घेऊन कोणी आज त्या महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा राहिला तर वॉचमन काय करील?

पण मुद्दा केवळ महापुरुषांच्या चरित्रातल्या प्रसंगांचा नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी जो ग्रंथ लिहिला त्यातला सिद्धांत आठवा. टोळ्यांच्या लढायांत पराभूत होऊन विखुरलेली माणसे, ज्यांना स्वतःची वस्ती उरली नाही, त्यांना स्थिर झालेल्या गावांनी आपल्या सीमेबाहेर राहायला जागा दिली आणि त्या बदल्यात राखणदारी घेतली. ही विखुरलेली माणसे म्हणजे आपले पूर्वज, अशी मांडणी बाबासाहेब करतात. म्हणजे या मांडणीत गावकुसाबाहेरची वस्ती ही मुळात बेघर झालेल्यांचीच वस्ती आहे. अस्पृश्यता नंतर आली, घर आधी गेले. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांसाठी वसाहत आयोगाची मागणी केली ती का? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो लोक तुरुंगात गेले, ते कशासाठी? पायाखाली स्वतःची जमीन आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर हा आपल्या चळवळीचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. बेघर माणूस हा आपल्या दयेचा विषय नाही, एनजीओचा प्रकल्प तर मुळीच नाही. तो आपला जुना शेजारी आहे, ज्याची वस्ती अजून बसलीच नाही.

आमच्यातले काही मित्र यावर म्हणतात की हे सगळे खरे, पण शासन घरकुल देते, निवारा केंद्रे आहेत, हेच लोक जात नाहीत, त्यांना रस्त्याची सवय झाली आहे. हा युक्तिवाद सभ्य वाटतो म्हणून जास्त घातक आहे. तो जरा खोलात जाऊन बघू.

घरकुलाचे आधी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे, पण स्वतःची जागा किंवा कच्चे घर आधी हवे. ज्याला जागाच नाही त्याने घरकुल कोठे बांधायचे? विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. त्यात कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि छोटे घर द्यायचे आहे. यशवंतराव देवराष्ट्रेचे, कराडचे. त्यांच्या नावाची योजना त्यांच्याच मुलखात किती पालांपर्यंत पोहोचली, हे प्रत्येक तालुक्यात मोजून बघण्यासारखे आहे. या योजनेला जातीचा दाखला लागतो, आणि विमुक्त-भटक्या जातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. भटक्याकडे! ज्याचा बाप त्या तारखेला गाढवावर बिऱ्हाड लादून या गावाहून त्या गावाला निघाला होता, त्याच्याकडे! फलटणकडच्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, त्याला साहित्य अकादमी मिळाले, ते अभ्यासक्रमात लागले. पण तहसील कचेरीतल्या टेबलावर अजून तोच कागद मागितला जातो. आणि समजा कागद झाला, गायरानात जागा ठरली, तर गाव विरोध करते. पारध्यांची वस्ती आमच्या हद्दीत नको. हा ठराव मांडताना गावातले सगळे पक्ष एक होतात. त्या ग्रामसभेत आपले लोक बसलेले असतात. ते कोणत्या बाजूने हात वर करतात, हे विचारायला हवे.

निवारा केंद्रांचे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आदेश दिला, त्यानुसार शहरात एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाख होती. म्हणजे पाचशे माणसांची सोय. सातारा शहर लाखाच्या पुढचे, म्हणजे तिथेही शंभर. सांगलीत सावली बेघर निवारा केंद्र चालते, तिथे अंगात किडे पडलेल्या अवस्थेत आणलेली माणसे बरी होऊन कामाला लागली आहेत, काही आपल्या घरी परत गेली आहेत. हे त्या केंद्रातल्या लोकांच्या कष्टाने झाले. सवय झालेला माणूस घरी कशाला परत गेला असता? आता जे जात नाहीत त्यांचे. नवरा-बायकोला वेगळे झोपायला सांगितले, भंगाराचे पोते आत आणू दिले नाही, पहाटे मजुरीच्या नाक्यावर पोहोचता येणार नाही इतक्या लांब जागा असली, दारात आधारकार्ड मागितले, तर माणूस पुन्हा पायरीवर येईल. तुम्ही-आम्हीही येऊ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवले तेव्हा आधी छप्पर आणि ताट दिले, मग पाटी. आधी सुधारून ये, मग जागा देतो, असे ते म्हणाले नाहीत.

मिरजेत वैद्यकीय उपचारासाठी लांबून लोक येतात, आणि काही जणांना नातेवाईक जंक्शनवरच सोडून जातात. मनाचा आजार झालेला माणूस रस्त्यावर दिसला की पोरे दगड मारतात आणि मोठे व्हिडिओ काढतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत टाकायचे नाही, हद्दीबाहेर नेऊन सोडायचे तर नाहीच. हे कलम आपल्या प्रत्येक शाखेच्या अध्यक्षाच्या मोबाइलमध्ये असले पाहिजे.

एक प्रश्न आम्ही अनेकांना विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. अर्धे शहर घराबाहेर पडले. शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांच्या ओसरीवर लोक राहिले, चपातीच्या पाकिटासाठी रांगेत उभे राहिले. त्या आठवड्यात त्यांना कोणी विचारले का, तुम्ही नदीकाठी का राहिलात? दारू पिता का? आधार दाखवा, मग चपाती? कोणी विचारले नाही, आणि विचारायलाही नको होते. माणूस उघड्यावर आला, त्याला आसरा द्यायचा, एवढे सगळ्यांना कळले. मग कर्ज, दुष्काळ, जात, आजार आणि नवऱ्याची लाथ यांचा पूर आला की हेच शहाणपण कोठे जाते? बेडगच्या लोकांना विचारा. मिरज तालुक्यातल्या या गावात २०२३ साली बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली, आणि आपली कुटुंबे घराला कुलपे लावून, पोरेबाळे घेऊन मुंबईच्या दिशेने चालू लागली. रस्त्याकडेला मुक्काम करत चाललेल्या त्या लोकांकडे वाटेतल्या गावांनी ज्या नजरेने पाहिले असेल, ती नजर आपण दुसऱ्याला देऊ नये.

कामाचे बोलू. मतदार यादीत नाव लावायला घर लागते, हा गैरसमज आहे. बेघर माणूस नमुना ६ भरताना जिथे झोपतो ती जागा लिहू शकतो. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे येऊन तो खरेच झोपतो का हे बघतो, पत्त्याचा वेगळा कागद मागता येत नाही. पोवई नाक्यावरची दहा नावे यादीत गेली की नगरसेवकाला त्या पायऱ्या दिसू लागतात. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. पालांच्या जागेचा विषय लेखी द्या आणि पोच घ्या. महापालिकेत आणि नगरपालिकेत माहितीच्या अधिकारात विचारा : निवाऱ्याची क्षमता किती, बायकांसाठी वेगळी सोय आहे का, गेल्या वर्षात किती खर्च झाला.

आणि जनगणना येते आहे. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७२ हजार माणसे बेघर नोंदली गेली, त्यातली २ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. ती मोजणी एका रात्रीत, २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. एका रात्रीत, टॉर्च घेऊन, जितके दिसले तितके. या वेळी संदर्भाची तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी प्रत्येकाची जातही लिहिली जाणार आहे. घरात राहणाऱ्यांच्या जातीसाठी सगळ्या संघटना कामाला लागल्या आहेत. पुलाखाली, प्लॅटफॉर्मवर, उसाच्या फडाकडेला झोपलेल्या माणसाची जात कोण विचारणार आहे, की त्या रकान्यात नुसती रेघ मारली जाणार आहे? त्या रात्री मिरज जंक्शन, सांगली आणि सातारा स्टँड, कराडचा कोल्हापूर नाका आणि तुमच्या तालुक्यातला साखर कारखान्याचा माळ, या प्रत्येक ठिकाणी प्रगणकाबरोबर आपली चार-चार माणसे हवीत. कोण कोठे उभे राहणार याची यादी आम्ही तालुकावार करत आहोत. जत आणि माणसाठी अजून नावे आलेली नाहीत.